खर्रा ज्याचा त्याचा, दवाखाना सगळ्यांचा

मोर्शी तालुक्यात सिंभोऱ्याजवळ वर्धा नदी अडवून अप्पर वर्धा धरण बांधलेलं आहे. पाण्याच्या अलीकडे अमरावती जिल्हा, पलीकडे वर्धा जिल्ह्यातला आष्टी तालुका. पलीकडे १९७४ पासून दारूबंदी आहे, बाटली सापडली तर गुन्हा दाखल होतो. अलीकडे परवानाधारक दुकानं आहेत, बार आहेत आणि त्यांच्याकडून राज्य सरकार उत्पादन शुल्क घेतं. दोन्ही काठांना कायदा एकच लागू आहे, १९४९ चा दारूबंदी कायदा. कुठल्याही काठावरच्या माणसाचं यकृत कामातून गेलं तर दवाखान्याचं बिल भरणारी योजनाही एकच आहे, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना.

नशा करणं हा ज्याचा त्याचा प्रश्न मानायचा का, आणि मानला तर त्यातून आलेल्या आजाराचा खर्च सगळ्यांनी का सोसायचा, हा वाद जगभर चालतो. तिकडे तो बहुतेक गांजा, कोकेन, हेरॉइन यांच्याभोवती फिरतो. मोर्शीत त्याचा क्रम वेगळा आहे. इथे पहिला खर्रा, मग दारू आणि मग बाकीचं. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ बिनधुराची तंबाखू वापरत होते. विडी-सिगारेट ओढणारे फक्त ३.८ टक्के. म्हणजे आपल्याकडे हा प्रश्न फुप्फुसाच्या आधी तोंडाचा आहे, आणि विदर्भात तोंडाचा म्हणजे खर्ऱ्याचा.

खर्रा कसा होतो ते बाहेरच्या वाचकासाठी सांगायला हवं. पानठेलेवाला पन्नीवर सुपारीचे बारीक तुकडे टाकतो, त्यावर सुगंधी तंबाखू, मग ओला चुना. पन्नी दुमडून तळहाताखाली जोर लावून घोटतो. काही ठेल्यांवर आता त्याची मशीनही आली आहे. सुपारी गरम होऊन चुन्यात मुरली की पुडी बांधून हातात. संत्र्याच्या बागेत फळं तोडणारा मजूर, ट्रकवर पेट्या चढवणारा हमाल, शाळेत शिकवणारे गुरुजी, सगळ्यांच्या खिशात ती असते. पुडीतली चिमूट गालात धरली की भूक मरते, अंगमेहनतीत हात चालत राहतात. तंबाखू नसलेली नुसती सुपारीसुद्धा कर्करोगकारक आहे, हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने वीसेक वर्षांपूर्वीच जाहीर केलं आहे. दातांचे डॉक्टर अशा माणसाला पहिल्यांदा एकच गोष्ट करायला सांगतात: स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात घालून बघ. निरोगी माणसाची जातात. गालाच्या आतलं कातडं ताठ होऊ लागलं की दोनच जातात, मग एक. तिखट भाजी झोंबायला लागते, भाकरीचा घास मोडून मोडून बारीक करावा लागतो. हा अजून कर्करोग नाही, पण त्या वाटेवरचा मोठा टप्पा आहे, आणि इथपर्यंत आलेली माणसं वऱ्हाडातल्या कुठल्याही गावात दाखवता येतील.

त्यांना कुणी टोकलं तर उत्तर तयार असतं: "माह्या पैशानं खातो, तुह्यं काय जाते?"

हे उत्तर हसण्यावारी नेऊ नये. १८५९ मध्ये जॉन स्टुअर्ट मिलने 'ऑन लिबर्टी'त जे मांडलं, त्याचं हेच सार आहे: माणसाच्या स्वतःच्या शरीरावर त्याचाच हक्क, दुसऱ्याला इजा होत नाही तोवर समाजाने आड येऊ नये. अमेरिकेतल्या तेव्हाच्या दारूबंदीला मिलचा विरोध होता. पण त्याच पुस्तकात तो हेही म्हणतो की दारूपायी एखादा माणूस बायकामुलांना पोसेनासा झाला, तर कुटुंबाचं कर्तव्य मोडल्याबद्दल त्याला जाब विचारणं योग्य आहे. पानठेल्यावरचा माणूस मिलचं पहिलं म्हणणं सांगतो. दुसरं त्याची बायको सांगते.

दुसऱ्या बाजूचं म्हणणंही तितकंच सरळ आहे. सुपारीचं खांडही तोंडात न टाकणारा शेतकरी विचारतो, माझ्या आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला तारीख मिळत नाही आणि वीस वर्षं रोज पाच पुड्या रिचवलेल्याच्या जबड्यावर लाखभर रुपये खर्च होतात, हा कुठला हिशेब? सार्वजनिक पैसा मोजका असतो, एकाला दिला की दुसऱ्याचा राहतो. या प्रश्नाला माणुसकीचा दाखला देऊन गप्प करणं बरोबर नाही. त्याला हिशेबानेच उत्तर द्यायला हवं.

त्यासाठी आधी खर्च कोण करत आलं ते पाहू. फार मागे न जाता २००८ पासून सुरुवात केली तरी पुरे. त्या वर्षी केंद्राची राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना आली. दारिद्र्यरेषेखालच्या पाच जणांच्या कुटुंबाला स्मार्ट कार्ड आणि वर्षाला ३० हजारांपर्यंतचे उपचार. अमरावती जिल्ह्यात ती राबवली गेली. या योजनेत काय बसत नाही त्याची एक यादी होती आणि त्या यादीत दारू किंवा अमली पदार्थांच्या सेवनातून उद्भवलेला आजार स्पष्ट लिहिलेला होता. म्हणजे गरिबांसाठी काढलेल्या विम्यातच नशेची वजाबाकी आधी करून ठेवली होती. खासगी विम्यात ती अजूनही आहे. व्यसनावरचे उपचार आणि व्यसनाचे परिणाम वगळण्याचं कलम विमा नियामक प्राधिकरणाने ठरवून दिलेल्या प्रमाणित यादीत आहे.

मग २०१२ चा जुलै उजाडला. २ जुलैला राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि त्या आठांत अमरावती होता. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असलेल्या कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचे उपचार, त्यात कर्करोगाच्या शस्त्रक्रिया, किरणोपचार, केमोथेरपी. त्याच महिन्याच्या १९ तारखेला राज्य सरकारने गुटख्यावर आणि पानमसाल्यावर बंदी घातली. पुढच्या वर्षी सुगंधी तंबाखू आणि सुगंधी सुपारीही त्यात आली. एकाच महिन्यात सरकारने दोन टोकं हातात घेतली: तोंडाचा कर्करोग झाला तर खर्च आमचा, आणि तो ज्यातून होतो ती वस्तू विकायची नाही. योजनेला २०१७ मध्ये महात्मा फुल्यांचं नाव मिळालं. २०२३ मध्ये रेशनकार्डाच्या रंगाची अट काढून ती राज्यातल्या सगळ्यांना खुली करण्याचा आणि मर्यादा पाच लाखांवर नेण्याचा निर्णय झाला. त्याच वर्षी १५ ऑगस्टपासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरचे पैसेही घेणं बंद झालं.

मला या सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते असं: २०१२ नंतर तोंडाचा कर्करोग घेऊन आलेल्या माणसाला खर्रा खात होतास का हे डॉक्टर विचारतात, पण ते उपचार ठरवण्यासाठी. त्याच्या उत्तरावर योजनेचा दरवाजा उघडायचा की लावायचा हे ठरत नाही. हा बदल कुणी वाजतगाजत केला नाही, आणि म्हणूनच तो सहज मागेही फिरवता येईल. नशेच्या आजारांवरचा खर्च थांबवा ही मागणी अधूनमधून चांगल्या शिकलेल्या माणसांच्या तोंडूनही ऐकू येते.

ती मागणी मान्य केली तर काय होईल, याचा अंदाज बांधायची गरज वऱ्हाडाला नाही. आपण ते पाहिलं आहे. शेतकरी आत्महत्यांच्या काळात, जानेवारी २००६ च्या शासन निर्णयानुसार मृताच्या कुटुंबाला १ लाखाची मदत ठरली: ३० हजार हातात, ७० हजार ठेवीत. त्यासाठी नापिकी, कर्ज आणि कर्जाचा तगादा यांची चौकशी होऊन प्रकरण पात्र की अपात्र हे जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीत ठरायचं. अपात्रतेच्या कारणांत दारूचं व्यसन हेही नोंदलं जात आलं. घरातला माणूस गेलेला, डोक्यावर बँकेचं कर्ज तसंच, आणि बाईला पुरावा द्यायचा की माझा नवरा कर्जापायी गेला, दारूपायी नाही. कर्ज, नापिकी आणि दारू एकाच घरात एकमेकांच्या पाठोपाठ येतात. त्यांतली कुठली आधी आली ते तलाठ्याच्या पंचनाम्यात कसं कळणार? पण एकदा नियमात व्यसन शिरलं की गावात कोण काय सांगतं यावर कुटुंबाचं नशीब ठरतं. दवाखान्यात हीच पद्धत आणली तर केसपेपर काढणाऱ्या खिडकीवर पात्र-अपात्रतेचा दुसरा पंचनामा सुरू होईल. माणसं खोटं सांगतील, डॉक्टरकडे उशिरा जातील आणि बरा होऊ शकणारा चट्टा तोवर गाठ झालेला असेल.

बिहारने याच रस्त्यावर पाऊल टाकून मागे घेतलं. तिथे एप्रिल २०१६ पासून दारूबंदी आहे. डिसेंबर २०२२ मध्ये सारण जिल्ह्यात विषारी दारूने बळी गेले, तेव्हा मुख्यमंत्री नितीश कुमार यांनी जो पिईल तो मरेलच असं सांगून मदत नाकारली. चारच महिन्यांत, एप्रिल २०२३ मध्ये, त्यांच्याच सरकारला मृतांच्या कुटुंबांसाठी ४ लाखांची मदत जाहीर करावी लागली. मेलेल्याची चूक मागे राहिलेल्यांच्या पदरात टाकता येत नाही, हे त्यांनाही मान्य करावं लागलं.

कायद्याची बाजूही इथे फारशी संदिग्ध नाही. रेल्वेतून पडलेल्या एका शेतमजुराला कोलकात्यातल्या सरकारी दवाखान्यांनी खाट नाही म्हणून परत पाठवलं होतं. त्याच्या प्रकरणात १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तातडीचे उपचार देणं हे राज्याचं घटनात्मक कर्तव्य ठरवलं, पैशाची अडचण ही सबब चालणार नाही असं बजावलं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थांना आजाराच्या व्याख्येत घेतलं. म्हणजे व्यसनी माणूस आता कायद्याच्या नजरेत आजारी आहे, आणि आजाऱ्याला उपचाराचा हक्क आहे.

स्वातंत्र्याच्या बाजूने कायदा इतका उदार नाही. १९५१ च्या बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा बहुतांशी कायम ठेवला. औषधी आणि प्रसाधनाच्या अल्कोहोलयुक्त वस्तूंपुरती तेवढी सूट दिली. दारूचा धंदा करणं हा मूलभूत हक्क नाही, हे १९९४ मध्ये पुन्हा सांगितलं. पाटणा उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये बिहारची बंदी रद्द करताना काय प्यावं हा नागरिकाच्या निवडीचा भाग असल्याचं मत मांडलं होतं, पण सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणाला मूलभूत हक्क मानल्यापासून ही चर्चा नव्याने सुरू झाली आहे आणि ती व्हायला हवी. महाराष्ट्रात दारू प्यायची तर आजही कागदोपत्री परवाना लागतो. हजारो माणसं परवान्याशिवाय पितात, कुणी विचारत नाही, आणि एखाद्या दिवशी एखाद्याला विचारलं जातं. असला कायदा ना स्वातंत्र्य देतो ना आरोग्य.

घटनेच्या ४७ व्या कलमात हे दोन्ही धागे एकत्र बांधलेले आहेत. सार्वजनिक आरोग्य सुधारणं हे राज्याचं प्राथमिक कर्तव्य, आणि त्यातच, औषधी उपयोग सोडून मादक पेयं व घातक पदार्थ बंद करण्याचा प्रयत्न करणं. घटनाकारांनी उपचार आणि बंदी एका दमात सांगितली. राज्यांनी मात्र त्यातून तिसरीच गोष्ट उचलली, ती म्हणजे महसूल. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क निर्मिती मूल्याच्या तिप्पटवरून साडेचारपट केलं आणि सगळ्या वाढीतून वर्षाला १४ हजार कोटी जादा मिळतील असा अंदाज सांगितला. दारू पिणारा माणूस सार्वजनिक तिजोरीत काहीच टाकत नाही, असं म्हणण्याची सोय त्यामुळे उरत नाही. तो भरपूर टाकतो.

मग हिशेब जुळतो का? तंबाखूपुरता तरी जुळत नाही. एका अभ्यासानुसार २०१७-१८ या एका वर्षात पस्तिशीपुढच्या भारतीयांच्या तंबाखूजन्य आजारांचा आणि अकाली मृत्यूंचा आर्थिक बोजा १ लाख ७७ हजार कोटी रुपयांहून अधिक निघाला, देशाच्या सकल उत्पन्नाच्या एक टक्क्याच्या आसपास. उत्पादन शुल्कातून मिळालेल्या दर १०० रुपयांमागे समाजाला सोसावे लागलेले ८१६ रुपये, असं त्या अभ्यासाचं गणित होतं. याच्या उलट २००८ मध्ये नेदरलँड्समधल्या एका अभ्यासाने दाखवलं की आयुष्यभराचा वैद्यकीय खर्च धरला तर धूम्रपान करणारे सगळ्यांत स्वस्त पडतात, कारण ते लवकर मरतात. निरोगी माणूस म्हातारपणी जास्त खर्च करवतो. दोन्ही आकडे खरे आहेत, ते वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. भारतीय हिशेबातला मोठा भाग बुडालेल्या कमाईचा आहे. डच हिशेबात फक्त दवाखान्याचं बिल आहे. ज्या देशात प्रत्येक म्हाताऱ्याला पेन्शन आहे, तिथे अकाली मरणाने तिजोरीचे पैसे वाचतही असतील. मोर्शीत पंचेचाळिसाव्या वर्षी बाप गेला तर पोरीचं शिक्षण थांबतं, दोन एकर बाग ठेक्याने जाते. माझ्या मते 'सार्वजनिक खर्च' हा शब्द फक्त दवाखान्याच्या बिलापुरता वापरणं हीच या वादातली मोठी चूक आहे. व्यसनाचं सगळ्यांत मोठं बिल घर भरतं, सरकार नंतर येतं.

हे इथल्या मातीला नवं नाही. शेंडगावच्या झिंगराजींचा जीव दारूने घेतला आणि त्यांचा पोरका मुलगा डेबूजी आजोळी दापुऱ्याला वाढला. पुढे तोच गाडगेबाबा झाला. स्वतःच्या मुलीच्या बारशाला रिवाजाचं मटण-दारू न देता त्यांनी गोडाचं जेवण घातलं, ही गोष्ट वऱ्हाडात सगळ्यांना ठाऊक आहे. मोर्शीला लागूनच असलेल्या तिवसा तालुक्यात मोझरीच्या गुरुकुंजातून तुकडोजी महाराजांनी खंजिरीवर व्यसनमुक्ती गावोगाव नेली. आज मोर्शीकडचा तोंडाच्या कर्करोगाचा रुग्ण नागपूरला जातो तेव्हा तिथे त्याला ज्या रुग्णालयांचा आधार असतो, त्यांतलं एक राष्ट्रसंत तुकडोजींच्याच नावाचं आहे. संतांनी माणसाच्या मनाला हात घातला, पण पानठेल्याला मालपुरवठा करणारी साखळी त्यांच्या हातात नव्हती. ती सरकारच्या हातात आहे.

त्या साखळीचं काय झालं? राज्याने गुटख्यावर पहिली बंदी २००२ मध्ये घातली होती. दोन वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाने ती राज्याच्या अधिकाराबाहेरची ठरवली. २०१२ ची बंदी अन्नसुरक्षा कायद्याखाली आली आणि दरवर्षी नवी करत टिकवली गेली. तरीही खर्रा मिळतो. त्यातली सुगंधी तंबाखू बंदीची, म्हणजे चोरवाटेने येणारी. चोरवाटेच्या मालावर कर नाही. त्यामुळे दारू पिणारा निदान शुल्क भरतो, खर्रा खाणाऱ्याचा पैसा तिजोरीत न जाता थेट तस्करीला जातो. बंदी असूनही वस्तू सर्रास मिळते, कर मिळत नाही आणि उपचार सरकारी: तिन्ही बाजूंनी तोट्याची ही अवस्था आहे. पानठेलेवाल्याला धरून दंड करणं सोपं आहे, म्हणून तेच होतं. त्याच्यापर्यंत पोती पोचवणाऱ्याचं गोदाम शोधणं अवघड आहे, म्हणून ते क्वचित होतं.

दारूबंदीचा अनुभवही एकसारखा नाही. गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे आणि डॉ. अभय व राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने तिला लोकांचं बळ दिलं. २०१६ पासून 'मुक्तिपथ' हा कार्यक्रम गावोगावच्या संघटना आणि तालुक्याच्या ठिकाणी व्यसनोपचाराचे दवाखाने अशा दोन्ही अंगांनी काम करतो आहे. चंद्रपुरात बायकांच्या मोठ्या आंदोलनानंतर १ एप्रिल २०१५ ला बंदी आली आणि मे २०२१ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ती उठवली. अवैध दारू वाढली, गुन्हे वाढले, महसूल बुडाला ही कारणं दिली गेली. शेजारी शेजारी असलेल्या या दोन जिल्ह्यांतून मला इतकंच कळतं की बंदीबरोबर गावात उपचार आणि संघटन उभं राहिलं तर ती मूळ धरते. नुसता आदेश काढला तर ती पोलीस ठाण्यातच राहते. एका गावापुरता, एका वॉर्डापुरता निर्णय घ्यायचा तर २००८ च्या आदेशाने बायकांना मतदानाचा रस्ता दिलाच आहे: उभी बाटली की आडवी. एकूण मतदारांपैकी निम्म्याहून जास्त आडव्या बाटलीवर शिक्का मारतील तर दुकान बंद. गैरहजर मत आपोआप दुकानाच्या बाजूने जातं, म्हणून हा रस्ता फार चढाचा आहे. तरीही ज्याला कुटुंबाचं म्हणणं म्हणता येईल असं मत नोंदवण्याची ही एकच अधिकृत जागा आहे.

गांजाचं थोडक्यात सांगतो, कारण मोर्शीच्या दवाखान्यावर त्याचा भार खर्रा-दारूच्या मानाने कमी आहे. १८९३-९४ मध्ये इंग्रज सरकारने नेमलेल्या आयोगाने वऱ्हाडासह देशभर फिरून हजाराहून जास्त साक्षी घेतल्या आणि बेताच्या सेवनाने मोठं नुकसान होत नाही, बंदीपेक्षा कर आणि नियंत्रण बरं असा निष्कर्ष काढला. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने ही दिशा बदलली. आज गांजा ओढणं हाही गुन्हा आहे, मात्र त्याच झाडाची नुसती पानं गांजाच्या व्याख्येबाहेर आहेत, म्हणून भांग वेगळ्या नियमांत बसते. याच कायद्यात ६४ अ हे कलम आहे: व्यसनी माणूस थोड्या प्रमाणातल्या पदार्थासह किंवा सेवनाबद्दल पकडला गेला आणि स्वतःहून मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घ्यायला तयार झाला, तर त्याच्यावरचा खटला टळू शकतो. पोर्तुगालने २००१ मध्ये हेच तत्त्व धोरण म्हणून स्वीकारलं. वापरणाऱ्याला तुरुंगाऐवजी समुपदेशनाच्या समितीपुढे नेलं. आपल्याकडे ते कायद्यात चाळीस वर्षांच्या आसपास पडून आहे. ज्याच्या मुलाला पकडलंय त्या बापाला वकिलाने हे कलम सांगितलं तर नशीब.

स्वातंत्र्याच्या बाजूने बोलणाऱ्यांना माझा एक प्रश्न आहे. पहिली पुडी माणूस आपल्या मर्जीने खातो, हे धरून चालू; खरं तर ती बहुतेकदा शाळेच्या वयात हाती येते, तेव्हा मर्जी कुठली? पण पाच हजारावी पुडी? सकाळी उठल्यावर खर्रा न मिळाला तर ज्याचे हात थरथरतात, पोट साफ होत नाही, चिडून पोरांवर ओरडतो, तो निवड करत नाही. २०१९ मध्ये केंद्र सरकारने प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे एकालाच कसलाही उपचार मिळाला होता, आणि दाखल होऊन उपचार १८० जणांमागे एकाला. सोडायचं स्वातंत्र्य ज्याला नाही, त्याच्या खाण्याच्या स्वातंत्र्यावर आपण एवढं बोलतो याचं मला वाईट वाटतं. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं ते याच जाणिवेने. पण वऱ्हाडातल्या शेतमजुराला महिनाभर पुण्यात राहून मजुरी बुडवणं परवडत नाही. त्याचा उपचार त्याच्या बाजाराच्या गावी हवा.

आणि इथेच सार्वजनिक पैशाची खरी उणीव आहे. जन आरोग्य योजना ही दवाखान्यात दाखल होऊन घ्यायच्या, ठरलेल्या पॅकेजच्या उपचारांची योजना आहे. जबडा काढावा लागला तर ती पैसे देते. खर्रा सोडण्यासाठी मात्र माणसाला आठवड्याला एकदा समुपदेशकाकडे जावं लागतं, निकोटिनचं च्युइंगगम काही आठवडे लागतं, मधे तो पुन्हा घसरतो, पुन्हा यावं लागतं. हे बाह्यरुग्ण विभागाचं काम आहे आणि त्याला पॅकेज नाही. निकोटिनची औषधं २०२२ च्या राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत आली आहेत. यादीत आलेलं औषध तालुक्याच्या दवाखान्याच्या खिडकीवर रोज मिळायला हवं. तंबाखू सोडणाऱ्यांसाठी १८००-११-२३५६ हा मोफत फोन आहे, पण पानठेल्यावर उभ्या असलेल्यांपैकी किती जणांना तो माहीत आहे?

आशाताईंकडे तिशीपुढच्या माणसांसाठी एक फॉर्म असतो. त्यात वय, कमरेचा घेर, व्यायाम यांबरोबर तंबाखू आणि दारूचे प्रश्न आहेत. रोज तंबाखू खाणाऱ्याला २ गुण, कधीमधी खाणाऱ्याला किंवा सोडलेल्याला १, रोज दारू पिणाऱ्याला १. एकूण गुण चारच्या वर गेले की त्या माणसाची मधुमेह, रक्तदाब आणि तोंडाच्या कर्करोगाची तपासणी आधी करायची. राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेच्या यादीत ज्या सवयीने माणूस बाहेर पडत होता, त्याच सवयीने या फॉर्मवर त्याचा नंबर पुढे लागतो. नशेबद्दल सरकारने माणसाला विचारायचं तर असं विचारावं, आणि घराच्या ओट्यावर विचारावं, ऑपरेशन थिएटरच्या दाराशी नाही.

पण फॉर्म भरून झाल्यावर पुढे काय, याचं उत्तर मोर्शीच्या उपजिल्हा रुग्णालयापर्यंत पोचायला हवं. तोंड बघायला दंतवैद्य रोज हजर, व्यसनासाठी एक कायम समुपदेशक, निकोटिनच्या गोळ्या आणि दारू सोडताना येणारी थरथर, झटके सांभाळायला दोन राखीव खाटा. दारूच्या जादा शुल्कातले १४ हजार कोटी येणार असतील, तर त्यातला ठरावीक हिस्सा कायद्याने याच कामाला बांधून द्यावा आणि तालुक्याला किती आले ते दरवर्षी ग्रामसभेत वाचून दाखवावं. हा हिस्सा मागताना खर्रा न खाणाऱ्या त्या शेतकऱ्याने पुढे असावं असं मला वाटतं. त्याच्या आईच्या गुडघ्याची तारीख लवकर यायची असेल, तर जबड्याची ऑपरेशनं कमी व्हायला हवीत, आणि ती कमी करायची वेळ तीन बोटांतलं तिसरं बोट आत जाईनासं झालं तेव्हाची असते.